पाठीमागून बोललेलं

लूम भंगारात गेले आणि मग मला कळलं की मी बहिरा आहे. आधी माहीत नव्हतं असं नाही, पण त्याने काही अडत नव्हतं. भिवंडीत पत्र्याच्या शेडखाली चोवीस लूम एकदम चालत असतील तर आत उभा असलेला प्रत्येक माणूस बहिराच असतो, मालक काय आणि कारागीर काय. मी आधी जॉबर होतो, म्हणजे बिघडलेला लूम चालू करून देणारा. पुढे स्वतःचा लहान कारखाना काढला, तरी पाना काही हातातून सुटला नाही. चाळीस वर्षं त्या खडखडाटात गेली. तिथे बोलणं हातांनी चालायचं. मनगटावर दोन बोटं आपटली की शिफ्ट संपली, अंगठा ओठाकडे नेला की चहा, दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. उरलेलं ओठांवरून वाचायचं. मी मराठी ओठ वाचायचो, हिंदी वाचायचो आणि तेलुगू कारागिरांमुळे थोडं तेलुगूही वाचायचो. तेलुगू मला बोलता येत नाही, ती गोष्ट वेगळी.

त्या शेडमध्ये एक रीत होती. “काय म्हणालास?” असं कोणी कोणाला विचारत नसे, कारण दुसऱ्यांदा सांगितलं तरी ऐकू येणार नसायचं. समोरच्याचे ओठ हलले की मान हलवायची, हो म्हणायचं, आणि तो कुठे उभा आहे, त्याच्या हातात काय आहे, यावरून काय म्हणाला असेल ते ठरवायचं. दहातल्या नऊ वेळा बरोबर यायचं. दहाव्या वेळी मागितला चहा आणि आला पाना, असं व्हायचं आणि सगळे हसायचे. ही हो म्हणायची सवय हाडात मुरली. माझ्या बरोबरीचा एखादा जॉबर आज रस्त्यात भेटला तर आम्ही तासभर एकमेकांना हो हो करतो आणि आपापल्या घरी जातो. घरी विचारलं, कसा आहे तो, तर छान आहे म्हणून सांगतो.

नव्या मशिनींपुढे आमचे जुने लूम टिकेनात, मुलगा परदेशात स्थायिक झाला, तेव्हा कारखाना बंद केला आणि शेड गोदामाला दिली. काल्हेरची वडिलांची जमीन आधीच गोदामाखाली गेली होती, त्यामुळे पोटापाण्याची चिंता नव्हती. चिंता वेगळीच निघाली. घरात बसल्यावर लक्षात आलं की जगातली माणसं एकमेकांकडे न बघता बोलतात. बायको ओट्याशी उभी राहून बोलते, दुकानदार वरच्या फळीवरचा डबा काढता काढता बोलतो, बँकेतला माणूस कॉम्प्युटरकडे बघत बोलतो. कारखान्यात सगळेच बहिरे होते. आता मी एकटाच बहिरा उरलो.

हे मी कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्नकार्यात भिंतीला पाठ लावून बसायचं, म्हणजे सगळ्यांची तोंडं समोर येतात. टीव्हीचा आवाज मोठा करायचा नाही, उलट इतका बारीक ठेवायचा की कोणाला संशय येऊ नये. बायको पाठीमागून काही बोलली आणि मी उत्तर दिलं नाही तर तिला वाटायचं मी मुद्दाम करतो, निदान असं मी धरून चाललो होतो. बहिरा म्हणून कीव करून घेण्यापेक्षा आखडू म्हणून शिव्या खाल्लेल्या मला परवडत होत्या.

विमानं भिवंडीवरून रोज जातात. मला ती वेळेवर कधी दिसली नाहीत, कारण विमान आधी ऐकू येतं आणि मग माणूस वर बघतो. मी लोकांच्या वर झालेल्या माना बघून वर बघायचो, तोवर ते निघून गेलेलं असायचं. तेव्हा लहानपणापासून उडायची हौस होती वगैरे जे मी लोकांना सांगितलं ते सगळं खोटं आहे.

झालं असं की घाटापलीकडे एका लग्नाला गेलो होतो. हॉलच्या मागे माळावर एक धावपट्टी होती आणि दोन सीटचं एक विमान सारखं उतरत होतं, चढत होतं. लग्नात भिंतीची जागा मिळाली नाही, म्हणून मी कंटाळून तिकडे गेलो आणि कुंपणाशी उभा राहिलो. थोड्या वेळाने विमान शिकवणाऱ्या बाई बाहेर आल्या. नागपूरकडच्या, माझ्या मुलाच्या वयाच्या. त्या चालता चालता काहीतरी म्हणाल्या आणि मी हो म्हणालो. पाच मिनिटांनी त्यांनी मला विमानात बसवून पट्टा आवळला, तेव्हा मला उलगडा झाला की त्यांनी चक्कर मारायची का म्हणून विचारलं होतं.

पंखा फिरायला लागला आणि सीटखालून तो थरकाप अंगात चढला. चालू लूमच्या फ्रेमवर हात ठेवला की येतो, अगदी तसाच. बाईंनी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून हात हलवला, म्हणजे या आवाजात काही ऐकू येत नाही, हेडफोन लावा. त्यांनाही ऐकू येत नव्हतं. कारखाना बंद झाल्यापासून दीड वर्षाने मी अशा जागी बसलो होतो जिथे शेजारचं माणूसही बहिरं होतं. माझे डोळे भरून आले. वरून धरण दिसलं, द्राक्षाचे मळे दिसले, बाई एकेक दाखवत होत्या, पण मी शिकायचं ठरवलं ते त्या आवाजासाठी.

लोकांनी म्हणायचं ते म्हटलंच. साठी बुद्धी नाठी, हे तर तोंडावर ऐकवलं. दिघाशीचा माझा चुलतभाऊ समोर बसून म्हणाला, “वर जातोच हायस तर जरा आमच्या भातावरची पाखरं हाकलून ये.” बायको काय म्हणाली ते मला माहीत नाही. ती तेव्हा भाकऱ्या थापत होती, पाठमोरी.

शिकाऊ परवान्याला डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टर म्हातारे आणि मायाळू होते. डोळे, छाती, लघवी सगळं झालं आणि शेवटी कान. नियम असा की आपण डॉक्टरांकडे पाठ करून उभं राहायचं, ते चार पावलांवरून साध्या आवाजात आकडे म्हणतात आणि आपण ते परत म्हणायचे. मला वाटलं, संपलं. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. भिंतीला औषधांचं काचेचं कपाट होतं. काचेत डॉक्टर स्वच्छ दिसत होते, खिडकीचा उजेड थेट त्यांच्या तोंडावर पडला होता. सात, चार, नऊ, दोन. एकही आकडा चुकला नाही. मी वळल्यावर ते म्हणाले, या वयात असे कान राहत नाहीत कोणाचे. मी मान हलवली आणि कागद घेऊन बाहेर पडलो. जिन्यातच त्याची घडी करून खिशात घातली.

मग आठ महिने आठवड्यातून दोन दिवस मी पडघ्याला हायवेवर नाशिकची बस धरायचो, एक रात्र तिकडच्या लॉजमध्ये काढायचो आणि दुसऱ्या दिवशी परत यायचो. हात लवकर बसला. यंत्राशी माझं कधी वाकडं नव्हतं. अडचण होती ती बाईंच्या तोंडासमोरच्या माइकची. हेडफोनमध्ये आवाज इतका मोठा करून ठेवायचो की कान दुखायचे, पण आवाज कानात पडला तरी शब्द पडत नाहीत. ‘प’ की ‘त’ की ‘क’, काही कळत नाही, नुसता गोळा येतो. आणि ओठ माइकमागे झाकलेले.

पण विमानातलं बोलणं ठराविक असतं. पट्टीला समांतर चाललो की एक वाक्य, शेवटचं वळण घेतलं की दुसरं, आणि त्या दुसऱ्यावर उतरायची परवानगी येते. कुठे आहोत ते कळलं की काय म्हणत असतील ते कळतं. हे तर मी चाळीस वर्षं करत आलो होतो. गोळा कानात पडला की मी त्या जागचं उत्तर द्यायचो, आणि सोपं उत्तर म्हणजे “रॉजर”, तुमचं ऐकलं. इतका सोयीचा शब्द मला आधी कोणी का सांगितला नाही असं वाटायचं.

एकदा तर कमाल झाली. उड्डाणाआधी इंजिन तपासत होतो आणि सीटमधून मला एक ठोका चुकताना जाणवला. मी इंजिन बंद करून सांगितलं, एका प्लगमध्ये काहीतरी आहे. मेकॅनिकने उघडून बघितलं तर प्लग काळा पडलेला. बाई समोर उभं राहून म्हणाल्या, “काका, तुमचे कान फार तयार आहेत हो.” मी त्याही वेळी मान हलवली. आता आठवलं की लाज वाटते.

मला पुरा परवाना मिळाला नसता तरी चाललं असतं. मला एकट्याने मारलेली एक फेरी हवी होती. शेजारची सीट रिकामी, आणि दहा मिनिटं. सबंध जन्म मी माणसांच्या तोंडाकडे बघत काढला होता, कोण कुठे बसलंय, उजेड कुठून येतोय, मिशी किती जाड आहे. एकदा तरी कोणाच्या तोंडाकडे न बघता राहायचं होतं. शिकणाऱ्याच्या हातावर विश्वास बसला की बाई उतरतात आणि त्याला एकट्याला सोडतात. मी त्या दिवसाची वाट बघत होतो, आणि मनात दुसरीकडे हेही होतं की तो दिवस येता कामा नये.

तो आला. थंडीची सकाळ होती, हवा स्तब्ध. तीन फेऱ्या बरोबर केल्यावर बाईंनी विमान कडेला घ्यायला लावलं, पट्टा सोडला, उतरल्या, आणि माझ्याकडे वळून सावकाश म्हणाल्या, “एकच फेरी. मी रेडिओवर आहे.” हे मी नीट वाचलं. त्या गेल्यावर विमान एकदम हलकं झालं, नेहमीपेक्षा आधीच जमीन सुटली. शेजारी रिकामी सीट आणि तिच्यावर आडवा टाकलेला पट्टा. मी हसत होतो, एकटाच. हाताने ताल द्यावा तसं सीटवर बोटांनी वाजवत होतो.

शेवटचं वळण घेतलं आणि कानात गोळा आला. नेहमीच्या जागी, नेहमीचा. मी म्हणालो, रॉजर. पुन्हा आला. मला वाटलं बाई कौतुक करतायत. रॉजर. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी उतरायच्या जागेवर नजर बांधली होती, तरी म्हणालो, रॉजर. चाकं टेकली, आणि पट्टीच्या मधल्या चढापलीकडे मला लाल ट्रॅक्टर दिसला.

गवत कापणाऱ्या माणसाचा होता तो, पट्टी ओलांडताना मध्येच बंद पडलेला. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो. विमान वाकडं होत होत पन्नासेक पावलांवर थांबलं. तो माणूस, माझ्याच वयाचा, आधीच उडी मारून पळाला होता आणि कडेच्या खडीत पडला होता. मी इंजिन बंद केलं, उतरलो आणि त्याच्याजवळ गेलो. त्याचा गुडघा फुटला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, ट्रॅक्टरकडे बघत होता, आणि काहीतरी पुटपुटत होता. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो, पण त्याचे ओठ थरथरत होते, मला वाचता येईनात.

बाई एकदम माझ्या समोर आल्या. धावत आल्यामुळे छाती वरखाली होत होती, चेहरा पांढरा पडला होता.

“काका, मी रेडिओवर काय सांगितलं?”

“उतरा म्हणालात.”

“उतरू नका म्हणाले. तीन वेळा. तुम्ही तीन वेळा रॉजर म्हणालात.” त्यांनी आलेल्या वाटेकडे बोट केलं. “आणि आता पाठीमागून येताना मी तुम्हाला चार हाका मारल्या.”

मी मान हलवली.

“मान हलवू नका. ऐकू येतं का तुम्हाला?”

“नाही,” मी म्हणालो. हे उत्तर मी या प्रश्नाला आयुष्यात पहिल्यांदा दिलं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आधी त्या माणसाला गाडीत घालून गावातल्या दवाखान्यात पाठवलं, मग मला खोलीत बसवून काचेच्या कपाटाची सगळी हकिकत ऐकून घेतली. आपण हे वर कळवणार आहोत आणि नव्याने, खऱ्याने तपासणी झाल्याशिवाय मला विमानाला हात लावता येणार नाही, हे त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मग माझी उड्डाणांची वही ओढून घेतली आणि त्यात तारीख घालून लिहिलं, एकट्याने, दहा मिनिटं. जे झालं ते झालं, म्हणाल्या, ते लिहावंच लागतं.

परतीच्या बसमध्ये मी ती ओळ पुन्हा पुन्हा बघत होतो. हवी होती तीच ओळ, पण खोटी. मी वर एकटा नव्हतोच. कोणीतरी जिवाच्या आकांताने माझ्याशी बोलत होतं आणि मी सीटवर बोटांनी ठेका धरला होता.

घरी आलो तेव्हा बायको ओट्याशी बोंबील साफ करत होती. मी खुर्चीत बसलो आणि तिच्या पाठीला सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, गुडघा, डॉक्टरांचं कपाट, आणि शेवटी कानांचं. तिचे हात थांबले. तिने वळून बघितलं नाही, पण कानाखालचा जबडा हललेला मला दिसला. ती काहीतरी म्हणाली होती.

“काय म्हणालीस?”

अडतीस वर्षांच्या संसारात हे मी तिला पहिल्यांदा विचारलं. ती वळली, ओल्या हातांनीच.

“मना ठाऊक हाय, असं म्हणले.”

मी विचारलं, कधीपासून. मुलगा चालायला लागला तेव्हापासून, असं ती म्हणाली. म्हणजे पस्तीस वर्षं. मी गोंधळून म्हटलं, मग बोलली का नाहीस कधी?

“बोलत व्हते की. तुमच्या पाठीशी.” तिने पदराला हात पुसले. “तोंडावर सांगाला जमत न्हाय ते समदं पाठीला सांगितलं. तुमच्या आयशीचं, माझ्या म्हायेरचं, तुमचं पन. सांगितलं का मोकली व्हायची मी.”

 कितीतरी सकाळी मी पेपर धरून याच खुर्चीत बसलेला, आणि ती मागे. मला वाटायचं ती कामापुरतं बोलणारी, गप्प गप्प बायको आहे, आणि लोकांना मी तसं सांगतही असे, कौतुकाने. मी विचारलं, काय सांगायचीस?

“आता न्हाय. ते सांगून झालं.”

“वाईट होतं?”

तिने जरा विचार केला. “समदं वायट नव्हतं,” म्हणाली, आणि पुन्हा बोंबलांकडे वळली.

पुढच्या आठवड्यात मी त्याच डॉक्टरांकडे गेलो आणि आपणहून सांगितलं की मागच्या वेळी मी काचेत बघत होतो. हात दाखवून अवलक्षण, पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांना वाईट वाटलं, माझ्यापेक्षा स्वतःबद्दल जास्त. त्यांनी मला दुसऱ्या, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं. भिंतीला पोपडे आले होते. मी ऐकायला उभा राहिलो, आणि पोपडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने वळलो तर ते पेन खाली ठेवून बसले होते. त्यांनी आकडे म्हणून कधी संपवले ते मला कळलंच नव्हतं. कानाचं मशीन लावून पुन्हा या म्हणाले. मशीन घेतलं, दोन महिने सवय केली, पुन्हा गेलो. निम्मे आकडे चुकले. तो विषय तिथे संपला, वही कपाटात गेली.

मशीन मात्र कानात राहिलं. शब्द अजून नीट लागत नाहीत, पण पाठीमागे कोणी बोललं तर बोललं एवढं कळतं. मी रोज सकाळी त्याच खुर्चीत, ओट्याकडे पाठ करून, पेपर धरून बसतो. नळ ऐकू येतो. सुरी ऐकू येते, कुकरची शिट्टी तर नको इतकी. तिचा आवाज येत नाही. पहिले काही दिवस वाटलं मशीनच बिघडलंय, म्हणून दुकानात दाखवून आणलं. मशीन चांगलं होतं.

तीन महिने असे गेले. ती समोर येऊन बोलते, हवं नको विचारते, मुलाच्या फोनची हकिकत सांगते. मागे गेली की गप्प. चेहरा तिचा आता ओढलेला दिसतो. काल सकाळी मी उठलो, मशीन काढून ओट्यावर, तिच्या हाताशी, तिला दिसेल असं ठेवलं, आणि तिच्याकडे पाठ करून बसलो.